पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याचा इतिहास: कागद नेमके कुणाकडे आहेत?

नाशिकचा चिवडा
नमस्कार मंडळी. शरणपूर रोडवरून रोज जा-ये करणाऱ्या किती नाशिककरांना ठाऊक असेल कोण जाणे, पण १८६०च्या दशकात तिथल्या मिशनच्या वसाहतीत आफ्रिकन मुलं-मुली राहत होती. अरबी समुद्रात गुलामांची गलबतं इंग्रजी आरमारानं पकडली की त्यातली माणसं एडनला नाहीतर मुंबईला उतरवत. त्यातली काही पोरं मिशनच्या ताब्यात दिली गेली आणि शरणपूरला आली. लोहारकाम, सुतारकाम, थोडं इंग्रजी शिकली, आणि पुढे बरीच जण परत आफ्रिकेच्या किनाऱ्याला गेली. शरणपूर सांभाळणारे पाद्री विल्यम सॉल्टर प्राइस यांनीच १८७५च्या सुमारास मोम्बासाजवळ मुक्त गुलामांसाठी फ्रीअरटाउन वसवलं. नाशकातून गेलेल्यांना तिकडे 'बॉम्बे आफ्रिकन्स' म्हणत.

इथवर पुस्तकांत मिळतं. मला पुढचं हवंय. हे लोक ज्या किनाऱ्यावर परतले तो मुलूख तेव्हा कसा होता? मोम्बासा, त्याच्याजवळचं रबई, झांझिबार, साधारण १८४० ते १९००. मी नोकरी करणारा माणूस, कुठल्या विद्यापीठाचा शिक्का पाठीशी नाही. इंग्रजी येतं, स्वाहिली, अरबी, पोर्तुगीज काही येत नाही. खिसा मध्यम. परदेशाची एखादी वारी जमेल, दोन जमणार नाहीत. नेटवर शोधलं की आफ्रिका अभ्यास केंद्रांची जत्राच समोर येते, पण मूळ कागद कुणाच्या कपाटात आहेत ते काही कळत नाही. जाणकारांनी कृपया सांगावं, सुरुवात कुठून करू?

चहाबिस्कीट
वाचनखूण साठवली. नाशिकमध्ये बालपण गेलं आणि हे आज कळतंय. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

वाळवी
चिवडाराव, विषय झकास घेतलात. निम्मं आयुष्य दफ्तरखान्यांत गेलेल्या माणसाचे चार शब्द ऐका.

परक्या मुलखाचा अभ्यास करायचा म्हटलं की लोक आधी त्या मुलखाच्या नावाची संस्था शोधतात. 'सेंटर फॉर अमुक स्टडीज' वगैरे. तिथे पुस्तकं मिळतात, माणसं मिळतात, व्याख्यानं मिळतात. कागद मिळतीलच असं नाही. कागद शोधताना एकच विचारायचं: तेव्हा तिथून कोण लिहीत होतं आणि कुणाला?

आता झांझिबार बघा. ओमानच्या सय्यद सैदनं १८४०च्या सुमारास आपलं बस्तान मस्कतहून झांझिबारला हलवलं. त्याच्या दरबारी १८४१मध्ये इंग्रजांचा पहिला कॉन्सल आला, कॅप्टन हॅमर्टन. हा गृहस्थ लंडनच्या परराष्ट्र खात्याचा कॉन्सल होताच, पण मुंबई सरकारचा राजकीय एजंटही होता. म्हणजे अर्धी पत्रं लंडनला, अर्धी मुंबईला. १८५८ला कॉन्सल म्हणून आलेला रिग्बी मुंबईच्याच फौजेतला. त्याचा झांझिबारच्या राज्यावरचा अहवाल १८६१मध्ये छापला गेला तोही मुंबईत, सरकारी निवडक कागदांच्या मालेत. तो आता डिजिटल स्वरूपात फुकट वाचता येतो. पहिलं वाचन तेच करा.

म्हणून तुमची पहिली पायरी मोम्बासा नाही, काळा घोडा! एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्र शासनाचं पुराभिलेखागार आहे. मुंबई इलाख्याच्या पोलिटिकल डिपार्टमेंटचे जाडजूड खंड तिथे आहेत. नाशिकहून पंचवटीनं सकाळी निघा, रात्री घरी.

एक व्यवहाराची गोष्ट. सूचीत थेट झांझिबार शोधून थांबू नका. जुन्या कारकुनांनी हे कागद बऱ्याचदा 'मस्कतचे इमाम' या शीर्षकाखाली लावलेत, कारण त्यांच्या लेखी राजा मस्कतचा. १८६१ला लॉर्ड कॅनिंगच्या निवाड्यानं ओमान आणि झांझिबार ही दोन राज्यं वेगळी झाली, त्यानंतर शीर्षकं हळूहळू बदलतात. शिवाय 'स्लेव्ह ट्रेड' हे शीर्षक दरवर्षी तपासा. आणि नावांची स्पेलिंगं हरतऱ्हेची असतात. मोम्बासाची तर काही विचारूच नका.

सावंतवाडीकर
वाळवी, अनुमोदन. तुमच्या नावाच्या माणसाला दफ्तरखान्यात सोडतात हेच आश्चर्य. (ह. घ्या.)

वाळवी
ओळखपत्रावर खरं नाव आहे म्हणून सोडतात.

मृण्मयी
वाळवीकाकांचा प्रतिसाद उपयोगी आहे, पण मला थोडं खटकलं. कोण कुणाला लिहीत होतं ही कसोटी लावली की आपोआप कॉन्सल, कप्तान आणि पाद्री एवढेच उरतात. किनाऱ्यावरची माणसं काय फक्त साहेबाच्या पत्रात आली म्हणून होती? स्वाहिली ही लिहिली जाणारी भाषा होती, अरबी लिपीत. काव्य, पत्रं, हिशेब, धर्मग्रंथांवरची टिपणं, सगळं होतं. केनियाच्या किनाऱ्यावरच्या लामू बेटावरील रियाधा मशिदीतल्या हस्तलिखितांचं डिजिटायझेशन ब्रिटिश लायब्ररीच्या एन्डेंजर्ड आर्काइव्ह्ज प्रोग्रॅममधून झालंय, घरबसल्या बघता येतं. लंडनच्या सोआसमध्ये (स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीज) स्वाहिली हस्तलिखितांचा मोठा संग्रह आहे. झांझिबारच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, किलिमानी भागात, अरबी कागदपत्रं आहेत, कॉन्सुलेटचे कागद आहेत. दार-ए-सलाम विद्यापीठात स्वाहिली अभ्यासाची स्वतंत्र संस्था आहे आणि ग्रंथालयात ईस्ट आफ्रिकाना नावाचा वेगळा विभाग आहे.

मुंबईच्या खंडांत झांझिबार दिसेल, पण तो गव्हर्नरच्या खुर्चीतून दिसेल. चिवडा यांनी आधी वर्षभर स्वाहिली शिकावी असं माझं प्रामाणिक मत. दिल्ली विद्यापीठाच्या आफ्रिकन स्टडीज विभागात शिकवतात, आणि ऑनलाइन शिकवणारेही भरपूर आहेत आता.

वाळवी
मृण्मयीताई, तत्त्वाला माझा विरोध नाही. पण बँकेतून सुटल्यावर संध्याकाळी अभ्यास करणाऱ्या माणसाला आधी अरबी लिपीतली स्वाहिली शिका म्हटलं, तर तो धागा इथेच बंद करून क्रिकेट बघेल.

नाशिकचा चिवडा
बँकेत आहे हे तुम्हाला कसं कळलं?? :)

वाळवी
'खिसा मध्यम' हे शब्द दुसरं कोण वापरतं?

नैरोबीचा नाना
इथे बरीच वर्षं राहतोय म्हणून लिहितो. केनिया नॅशनल आर्काइव्ह्ज नैरोबीत मोई ॲव्हेन्यूवर आहे. इमारत ओळखीची वाटेल, कारण ती पूर्वी बँक ऑफ इंडियाची होती. खांब वगैरे अगदी आपल्या फोर्टातल्या बँकेसारखे. तळमजल्यावर जोसेफ मुरुम्बींचा कलासंग्रह मांडलाय. मुरुम्बी केनियाचे दुसरे उपराष्ट्राध्यक्ष, वडील गोव्याचे, आई मसाई. शाळा-कॉलेज भारतात झालं. संग्रह बघायला म्हणून गेलात तरी पैसे वसूल.

पण चिवडा, तुमच्या काळासाठी इथे मर्यादा आहे. हे अभिलेखागार मुख्यतः वसाहतीच्या सरकारचे कागद सांभाळतं, आणि इथे इंग्रजी सरकारचा जम बसला तो १८९५नंतर. १९००नंतर किनाऱ्यावर या नाशिककरांच्या मुलाबाळांचं काय झालं, जमिनीचे वाद, शाळा, नोकऱ्या, ते इथे सापडेल. १८७५चं फ्रीअरटाउन इथे फारसं नाही. मायक्रोफिल्मच्या प्रती अमेरिकेत सिरॅक्यूज विद्यापीठाकडे आहेत.

परवानगीचं आधी बघा. परदेशी संशोधकाला नाकोस्टी म्हणून जी सरकारी संस्था आहे तिचा परवाना काढावा लागतो, अर्ज ऑनलाइन होतो. टांझानियात हेच काम कॉस्टेक करते. आणि झांझिबारचं पुन्हा वेगळं, मुख्य भूमीवरचा कागद तिथे दाखवून भागत नाही. लोक दार-ए-सलामहून फेरीनं उतरतात आणि तिथे अडकतात.

नैरोबीत आलात तर ब्रिटिश इन्स्टिट्यूट इन ईस्टर्न आफ्रिकाचं ग्रंथालय चुकवू नका. त्याशिवाय फ्रेंचांची इफ्रा म्हणून संस्था आहे. या दोन्ही ठिकाणी नुसते कपाटाजवळ बसलात तरी कोण कशावर काम करतंय ते कळतं, आणि तिथली एक ओळख दहा ईमेलचं काम करते.

मोम्बासाला फ्रीअरटाउनची घंटा अजून उभी आहे, दगडी कमानीत टांगलेली. त्या नाक्यालाच केंगेलेनी म्हणतात. बाजूनं मटाटूंची (तिथल्या खासगी मिनीबस) ही गर्दी, हॉर्न, कंडक्टरची ओरड, आणि मधोमध घंटा. रबईला छोटं संग्रहालय आहे, क्राफ आणि रेबमान या मिशनऱ्यांचं ठाणं होतं ते. तिथल्या चर्चची कागदपत्रं बघायला मिळतात का हे चर्चच्या लोकांना भेटून विचारावं लागतं.

चहाबिस्कीट
मुरुम्बींबद्दल पहिल्यांदाच वाचलं. नाना, वेगळा धागा काढा ना.

ठाणे वैभव नाही
बाप आफ्रिकेतला गोवेकर, मुलगा उपराष्ट्राध्यक्ष. आणि आमच्याकडे सोसायटीच्या सेक्रेटरीपदासाठी तीन गट.

पणजीकार
गोव्याला कुणी विचारतच नाही म्हणून आम्हीच बोलतो. मोझांबिकचा कारभार १७५२पर्यंत गोव्याच्या व्हाइसरॉयकडे होता. मोम्बासाचा फोर्ट जीझस पोर्तुगिजांनी १५९३ला बांधायला घेतला. ओमानी अरबांनी १६९६ला वेढा घातला तेव्हा कुमक गोव्याहून निघत होती. १६९७ला त्या किल्ल्यासमोर बुडालेलं सांतो अँतोनियो दे ताना हे लढाऊ जहाज तर वसईत बांधलेलं, नावातलं 'ताना' म्हणजे तुमचं ठाणं. १९७०च्या दशकात पाणबुड्यांनी ते खणून काढलं, वस्तू किल्ल्यातल्या संग्रहालयात आहेत.

आमचं पणजीचं अभिलेखागार १५९५पासूनचं. दियोगु दु कोउतु हे पहिले दफ्तरदार. मोन्सोंइश दु रैनु ही मालिका म्हणजे लिस्बन आणि गोवा यांच्यातला दरसालचा पत्रव्यवहार, मोसमी वाऱ्यावर जहाजं येत-जात म्हणून हे नाव. त्यातले ६२ खंड १७७७मध्ये लिस्बनला नेले, ते आता तोर्रे दु तोंबु या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. मोझांबिकचे पुढचे कागद लिस्बनलाच आर्किवु इश्तोरिकु उल्त्रामारिनुमध्ये. पर्वरीला जेझुइटांचं झेवियर सेंटर आहे, तिथलं ग्रंथालय शांत आणि माणसं मदत करणारी.

नाशिकचा चिवडा
पणजीकार, आभार! पण माझा काळ १८४०नंतरचा, आणि पोर्तुगीज येत नाही.

पणजीकार
पोर्तुगीज नको तर नको. पण १८९०नंतर झांझिबारच्या कचेऱ्यांत, रुग्णालयांत, बँडमध्ये, फोटो स्टुडिओत कोण होतं? आमचेच लोक. झांझिबारचे जुने फोटो बघाल त्यावर गोम्स किंवा कुतिन्यु असा शिक्का दिसेल. ही सगळी गोव्याची घराणी. इलिनॉयच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात हर्स्कोव्हिट्स लायब्ररी आहे, आफ्रिकेसाठी जगातल्या सगळ्यात मोठ्या संग्रहांपैकी. तिथला विंटरटन संग्रह म्हणजे पूर्व आफ्रिकेचे ७,०००च्या वर फोटो, साधारण १८६० ते १९६०, आणि ऑनलाइन बघता येतात. भाषा लागत नाही.

ठाणे वैभव नाही
ठाण्याच्या नावाचं जहाज मोम्बासात बुडालं हे ऐकून बरं वाटलं. आमच्याकडे रस्त्यातच बुडतात.

गडकिल्ले प्रेमी
जंजिऱ्याचे सिद्दी पण आफ्रिकेतूनच आले ना? मग नाशिकच्या लोकांचा त्यांच्याशी संबंध असणारच. पेशवे दफ्तरात बघा की.

कुलाबकर
गडकिल्ले प्रेमी, ही सरमिसळ इथे नेहमी होते. जंजिऱ्याचे सिद्दी दख्खनच्या सुलतानांच्या चाकरीतले हबशी सरदार, मूळ बहुतांशी इथिओपियाच्या बाजूचं, आणि काळ दोन-अडीचशे वर्षं आधीचा. शरणपूरची मुलं एकोणिसाव्या शतकात, मलावी, टांझानिया, मोझांबिकच्या आतल्या भागातून पकडून आणलेली. दोन्हींना आफ्रिकन म्हटलं म्हणून एक होत नाहीत. पेशवे दफ्तरात जंजिऱ्याचं मुबलक आहे, रुमालच्या रुमाल, पण चिवडांच्या कामाचं नाही.

बाकी वाळवींनी एक सांगितलं नाही ते सांगतो. गलबतातून मुंबईला उतरवलेल्या मुलांची वासलात मुंबईचे पोलीस कमिशनर लावत. कुणाला मिशनकडे, कुणाला घरकामाला. म्हणून एल्फिन्स्टनमध्ये पोलिटिकलच्या जोडीनं ज्युडिशियल डिपार्टमेंटही मागवा. मी पाहिलेल्या एका फायलीत मुलांची यादी होती. नाव, अंदाजे वय, कुठल्या गलबतातून आला, कुणाच्या हवाली केला. नावाच्या रकान्यात आधी आफ्रिकन नाव, त्यावर काट, आणि बाजूला वेगळ्या शाईत बाप्तिस्म्याचं नाव. कागद इतका कुरकुरीत झालेला की पान उलटायला दोन्ही तळवे खाली सरकवावे लागत होते.

नाशिकचा चिवडा
कुलाबकर, ही यादी बघायला मी उद्या रजा टाकतो!

डिजिटल देशमुख
एक कळत नाही. २१व्या शतकात हे सगळं ऑनलाइन असताना पंचवटी एक्स्प्रेस पकडायची कशाला? आर्काइव्ह डॉट ऑर्ग आहे, हाथीट्रस्ट आहे, आपल्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल आहे, कतार डिजिटल लायब्ररीवर इंडिया ऑफिसचे आखाताबद्दलचे कागद स्वच्छ स्कॅन करून टाकलेत, मस्कतच्या फायलींत झांझिबार येतंच. आफ्रिकेत फिरलेला मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन, त्याच्या डायऱ्या लिव्हिंगस्टन ऑनलाइनवर आहेत. पार्लमेंटचे गुलामांच्या व्यापारावरचे छापील अहवाल आहेत. १८७१च्या समितीपुढे या रिग्बीची साक्षही आहे त्यात. घरी बसून पाच वर्षं पुरेल एवढं साहित्य.

वाळवी
देशमुख, यादी उत्तम, आणि चिवडांनी ती पहिल्या दिवसापासून वापरावी. पण स्कॅन होतं ते कुणीतरी निवडलेलं. कुलाबकरांनी पाहिलेली काट मारलेली यादी कुणी निवडून स्कॅन करणार नाही. आणि ऑनलाइनवर विसंबायचं तर ऑक्टोबर २०२३ आठवा. ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि इंडिया ऑफिस रेकॉर्ड्सच्या कॅटलॉगसकट सगळं बंद पडलं. ते परत उभं राहायला किती काळ गेला ते सगळ्यांनी बघितलंय.

डिजिटल देशमुख
आणि वाळवी लागलेले खंड ऑफलाइन बंद पडतात त्याचं काय?

वाळवी
वैयक्तिक टीका नको :)

बर्मिंगहॅमची बाय
उशिरा आले धाग्यावर. मूळ प्रश्नाचं सगळ्यात सरळ उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. शरणपूर चालवणारी आणि फ्रीअरटाउन वसवणारी संस्था एकच, चर्च मिशनरी सोसायटी (सीएमएस). तिचे कागद आमच्या गावात आहेत, बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या कॅडबरी रिसर्च लायब्ररीत. मिशनऱ्यांना वर्षातून एकदा सविस्तर पत्र लंडनला लिहावं लागे, शिवाय रोजनिशी पाठवावी लागे. कोण शिकला, कोण पळाला, कुणाचं लग्न झालं, पगारावरून कोण भांडलं, सगळं त्यात येतं. पूर्व आफ्रिकेच्या मालिकेचा क्रमांक सीए५, पश्चिम हिंदुस्थानचा सीआय३. चिवडांनी दोन्ही समोरासमोर लावायला हवेत. एका मालिकेत माणूस नाशिकहून निघतो आणि दुसरीत मोम्बासाला उतरतो. आफ्रिकेवर काम करणारे सीआय३ उघडत नाहीत आणि भारतावर काम करणारे सीए५, त्यामुळे हे लोक मधल्या समुद्रातच हरवतात.

उदाहरण सांगते. विल्यम जोन्स नाशिकला लोहारकाम शिकला, १८६४ला रबईला पाठवला गेला, पुढे पाद्री झाला आणि १८८५ला बिशप हॅनिंग्टनबरोबर युगांडाच्या वाटेवर होता. बिशप मारला गेला, जोन्स काफिला घेऊन परतला. आणि मृण्मयी, तुमच्या मुद्द्यासाठी: जेकब वेनराइट हा शरणपूरचाच मुलगा. लिव्हिंगस्टनचं शव किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांतला. चितांबो गावात ज्या झाडाखाली हृदय पुरलं त्या झाडावर अक्षरं त्यानं कोरली, आणि १८ एप्रिल १८७४ला वेस्टमिन्स्टर ॲबेत अंत्यसंस्काराला हजर होता. त्याची स्वतःच्या हातची रोजनिशी शिल्लक आहे. सगळेच कागद साहेबाचे नाहीत.

मृण्मयी
बाय, हे मान्य. वेनराइटची रोजनिशी मी विसरलेच नव्हते, पण तीही मिशनच्या शाळेत शिकलेल्या इंग्रजीतच आहे ना. रबईच्या मिजिकेंदा लोकांना हे नाशिकहून आलेले कोट-टोपीवाले कसे दिसले असतील? ते सीए५मध्ये कसं मिळणार? मोम्बासाला स्वाहिली अभ्यासाची रिसेया म्हणून संस्था आहे, त्यांचा भर मौखिक परंपरेवरही आहे. एवढंच म्हणणं की एकमेव वारी बर्मिंगहॅमला करावी की मोम्बासाला याचा चिवडांनी विचार करावा. सीएमएसचा बराच भाग मायक्रोफिल्मवर आहे. रबईची म्हातारी माणसं मायक्रोफिल्मवर नाहीत.

वाळवी
हा मात्र बिनतोड मुद्दा. वारी मोम्बासाचीच करा.

बर्मिंगहॅमची बाय
माझंही तेच मत, जरी इथे आलात तर जेवायला याच. लंडनला गेलातच तर क्यूचं नॅशनल आर्काइव्ह्ज: वाचक कार्ड फुकट, स्वतःच्या कॅमेऱ्यानं फोटो काढणंही फुकट. एफओ म्हणजे परराष्ट्र खातं (फॉरेन ऑफिस); एफओ ८४ म्हणजे गुलामांच्या व्यापाराची मालिका, एफओ ५४ म्हणजे मस्कत आणि झांझिबार. झांझिबारला काम करणाऱ्या युनिव्हर्सिटीज मिशनचे कागद ऑक्सफर्डला बोडलियनमध्ये. आणि मुंबईच्या विल्सनसाहेबांच्या शाळेत लिव्हिंगस्टननं आपला आफ्रिकन सोबती चुमा याला ठेवलं होतं, त्या फ्री चर्चच्या मिशनचे कागद एडिंबरोला, नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडमध्ये.

भूतपूर्व कारकून
एक अनुभव. एका दफ्तरखान्यात (कुठल्या ते विचारू नका, भारतात आहे एवढंच) मागणी चिठ्ठी दिली की तासाभरानं उत्तर यायचं, 'नॉट ट्रेसेबल'. तीच चिठ्ठी जेवणानंतर दुसऱ्या शिपायाकडे दिली की खंड टेबलावर. तेव्हापासून मी शिपायाचं नाव, गाव, मुलांच्या इयत्ता आधी विचारतो, मग चिठ्ठी. कपाटं कुठली कुठे हलवली हे सूचीला माहीत नसतं, त्याला माहीत असतं.

सावंतवाडीकर
+१. आणि पेन नेऊ नका. पेन्सिल.

संतापी सुरेश
आमच्या पाठ्यपुस्तकात यातलं एक अक्षर नाही!! कुणी मुद्दाम लपवलं याची चौकशी झाली पाहिजे.

संपादक
पाठ्यपुस्तकांवर आधीच तीन धागे चालू आहेत. इथे पूर्व आफ्रिका.

हळूबाई
मी फक्त वाचक, पण एक सुचवते. मराठीतून काही मिळेल का हे कुणीच बोललं नाही. ज्ञानोदय १८४२पासून निघत होता, ख्रिस्ती मिशनचंच पत्र. शरणपूरच्या बातम्या त्यात आल्या असण्याचा संभव आहे, जुने अंक चाळायला हरकत नाही. आणि एशियाटिक सोसायटीत जुन्या बॉम्बे जिऑग्राफिकल सोसायटीचे कामकाजाचे खंड बघा, पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे लेख त्यात आहेत. ती सोसायटी पुढे एशियाटिकमध्येच विलीन झाली.

कुलाबकर
हळूबाई, फक्त वाचक म्हणता आणि सगळ्यांत कामाचं बोलून जाता. मुंबईतच कलिनाला विद्यापीठाचं सेंटर फॉर आफ्रिकन स्टडीजही आहे, १९७१पासूनचं. कागदांसाठी नाही, पण शिफारसपत्रासाठी आणि कुणाशी बोलायचं हे कळण्यासाठी जरूर जा.

मीठभाकर
गुजराती कुणाला येतं का? झांझिबारचं जकातीचं कंत्राट वर्षानुवर्षं कच्छी भाटियांच्या जयराम शिवजी पेढीकडे होतं. सय्यद सैदला कर्ज देणारे हेच. सुलतानाच्या खजिन्याचा हिशेब कच्छच्या माणसाच्या वहीत! किनाऱ्याचा इतिहास लिहायचा आणि वही-खात्याकडे बघायचं नाही म्हणजे कमाल. आणि सेलमचे (अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचं बंदर, आपलं तमिळनाडूतलं नव्हे) अमेरिकन व्यापारी विसरू नका. अमेरिकेचा कॉन्सल झांझिबारला १८३७ला बसला, इंग्रजांच्या आधी. कापड देऊन हस्तिदंत आणि चंद्रुस न्यायचे. त्यांची पत्रं मॅसॅच्युसेट्सला फिलिप्स लायब्ररीत. व्यापारी माणसाची पत्रं कॉन्सलपेक्षा खरी असतात, कारण भाव चुकवून चालत नाही.

वाळवी
व्यापारीही भागीदाराला थापा मारतातच, पण सेलमचा मुद्दा घेण्यासारखा आहे.

नाशिकचा चिवडा
सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. असं ठरवतोय: आधी घरी बसून रिग्बीचा अहवाल आणि १८७१च्या समितीच्या साक्षी. सोबत स्वाहिलीचा ऑनलाइन वर्ग लावलाय (मृण्मयी, खरंच लावला, पहिला तास झाला). मग एल्फिन्स्टनमध्ये पोलिटिकल आणि ज्युडिशियल, मस्कतचे इमाम या शीर्षकासकट. सीए५ आणि सीआय३च्या सूची बायकडून समजून घेईन. मोम्बासा-रबई पुढच्या वर्षी, नाना असतीलच.

दोन शंका उरल्या. विद्यापीठाचं लेटरहेड नसेल तर एल्फिन्स्टनमध्ये प्रवेश मिळतो का? आणि खर्चासाठी स्वतंत्र अभ्यासकाला कुणी मदत करतं का?

कुलाबकर
अर्जात विषय नेमका लिहा. 'आफ्रिकेचा इतिहास' लिहिलंत तर समोरचा गोंधळतो. 'मुंबई इलाखा, पोलिटिकल व ज्युडिशियल डिपार्टमेंट, १८४० ते १८८०, मुक्त केलेले आफ्रिकन गुलाम' असं लिहा. आधार आणि फोटो न्या. कलिनाच्या केंद्रातून किंवा तुमच्या गावच्या कॉलेजच्या इतिहास विभागप्रमुखांकडून चार ओळींचं पत्र मिळालं तर सोपं जातं. जायच्या आधी फोन करून काय लागतं ते विचारून घ्या, नियम बदलतात.

बर्मिंगहॅमची बाय
इंग्लंडसाठी चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट भारतीयांना थोड्या मुदतीच्या संशोधनाला मदत करतो. आयसीएचआरही (भारतीय इतिहास संशोधन परिषद) परदेश प्रवासाला अनुदान देते. दोन्हीकडे काय, किती आणि कुठले कागद हे अर्जात लागतं, म्हणून आधी मुंबईचं काम उरका. कॅडबरीत आलात तर आधी वेळ ठरवून या आणि क्रमांक आधीच कळवून ठेवा.

नैरोबीचा नाना
मी असतोच. पावसात येऊ नका, एप्रिल-मे टाळा. जानेवारी-फेब्रुवारी बरा.

नवा गडी
मला हाच प्रश्न टांगानिकासाठी आहे, जर्मन राजवटीविरुद्धचा माजी माजी उठाव, १९०५ ते १९०७. कुठे बघू?

वाळवी
जर्मन मुलूख, म्हणजे जर्मन कागद. बर्लिनच्या लिश्टरफेल्डला बुंडेसआर्खिफमध्ये वसाहत खात्याची आर १००१ मालिका, आणि दार-ए-सलामच्या राष्ट्रीय अभिलेखागारात मागे राहिलेल्या जर्मन फायली. जाण्याआधी कुर्रेंट म्हणजे जुन्या वळणाचं जर्मन हस्ताक्षर वाचता येतं का ते तपासून बघा, नाहीतर जर्मन येऊनही उपयोग नाही. बाकी नवा धागा काढा, तिथे बोलू.